दळण बेतानंच न्यावं

उन्हाळ्यात लोकवन नाहीतर सिहोर गव्हाची पोती घरी येतात आणि गच्चीवर गव्हाला ऊन दाखवणं सुरू होतं. गहू कडकडीत वाळायला हवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला की समजायचं, झाला. मग तो पूर्ण निववायचा, तळहातांना एरंडेल लावून हलकेच चोळायचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरायचा. गरम गहू भरला तर आत घाम सुटतो, आणि कीड तिथेच धरते.

अख्खा दाणा जिवंत असतो. त्याच्या टोकाशी इवलासा अंकुर असतो, त्या अंकुरात तेल. सालीआड ते सुखरूप राहतं. दळलं की त्याला हवा लागते, आणि हळूहळू पीठ खवट होऊ लागतं. म्हणून गहू वर्षाचा भरला, तरी दळण पंधरा दिवसांचंच न्यावं. गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात कोंबू नये, परातीत पसरून निवू द्यावं.

आणि एक मनापासून सांगते. चाळणीत उरलेला कोंडा टाकू नका. गव्हातला बहुतेक चोथा त्यातच असतो, पोटाला तोच हवा असतो. कणीक मळताना तो परत मिसळा.