बैल दिसला, मेंढी दिसली नाही

इसवी सनापूर्वीचं चौथं शतक संपत आलं होतं. चीनच्या पूर्वेला, आजच्या शांदोंग प्रांतात, 'ची' नावाचं बलाढ्य राज्य होतं. लिन्झी ही त्याची राजधानी आणि शुआन हा तिथला राजा. एकदा राजा दरबारात उंचावर बसला असताना खालून एक माणूस बैल ओढत नेताना त्याला दिसला. बैलाचं अंग थरथर कापत होतं. राजानं विचारलं, "याला कुठं नेतोस?" माणूस म्हणाला, "नवी घंटा ओतलीय महाराज, तिच्यासाठी." नवी घंटा वापरात आणण्यापूर्वी जनावर कापून त्याचं रक्त तिला माखायचं, अशी त्या काळची रीत होती.

राजाला ते बघवेना. काही गुन्हा नसताना सुळावर निघालेल्या माणसासारखा तो बैल त्याला वाटला. त्यानं बैल सोडून द्यायला सांगितलं. नोकरापुढे पेच पडला. मग विधीच रद्द करायचा का? राजा म्हणाला, विधी कसा रद्द होईल? बैलाऐवजी मेंढी न्या.

झालं. गावात कुजबुज सुरू झाली. बैल महाग, मेंढी स्वस्त. राजा चिक्कू निघाला!

ही हकिकत एका दरबाऱ्याकडून मेन्शियसच्या कानावर आली. कन्फ्यूशियसचा वारसा सांगणारा हा आचार्य तेव्हा गावोगावच्या राजांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत फिरत होता. त्यानं राजाला विचारलं, असं खरंच घडलं का? राजानं कबूल केलं आणि तक्रारही केली की, एवढ्या राज्याचा धनी मी, एका बैलाचा लोभ मला कशाला सुटेल? मेन्शियस म्हणाला, लोकांना नावं ठेवू नका महाराज, त्यांना दिसलं ते ते बोलले. पण निरपराध जिवाची कीव आली म्हणता, तर मेंढीनं तरी काय गुन्हा केला होता?

राजा ओशाळून हसला. आपल्या मनात नेमकं काय आलं होतं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

दुसरा कुणी उपदेशक असता तर इथं राजाला ढोंगी ठरवून मोकळा झाला असता. मेन्शियसचं मोठेपण मला इथं दिसतं. तो म्हणाला, महाराज, तुम्ही चिक्कू नाही. बैल तुम्हाला दिसला, मेंढी दिसली नाही, एवढंच. डोळ्यांसमोरच्या जिवासाठी पोटात तुटलं, ते खरंच होतं आणि चांगुलपणाची सुरुवात तिथूनच होते. आता तोच कळवळा जे दिसत नाहीत त्यांच्यापर्यंत न्या. जनावरावर तुमची दया जाते आणि प्रजेपर्यंत पोचत नाही, हे कसं? शेकडो शेरांचं ओझं उचलणाऱ्यानं 'मला पीस उचलवत नाही' म्हटलं तर आपण मानू का? तुम्हाला जमत नाही असं नाही, तुम्ही करत नाही.

पुढं त्यानं जे सांगितलं त्यात तत्त्वज्ञान कमी आणि संसार जास्त आहे. प्रत्येक घराभोवतीच्या जागेत तुतीची झाडं लावू द्या, म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या अंगावर रेशीम येईल. कोंबड्या आणि डुकरं यांची वीण सांभाळू द्या, म्हणजे सत्तरीच्या म्हाताऱ्याला मांस मिळेल. पेरणी-कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला वेठीला धरू नका, म्हणजे घरातलं एकही माणूस उपाशी राहणार नाही. राजाच्या पोटातली कालवाकालव प्रजेच्या ताटात उतरली पाहिजे, असा हा साधा हिशेब.

समोरच्यासाठी पोटात तुटतं, न दिसणाऱ्यासाठी तुटत नाही, हा गुंता पुढं युरोपातल्या विचारवंतांनाही पडला. स्कॉटलंडच्या अॅडम स्मिथनं १७५९ साली नैतिक भावनांवर पुस्तक लिहिलं आणि योगायोग असा की, त्यात उदाहरण घेतलं ते चीनचंच. समजा, सगळा चीन भूकंपात गडप झाला. युरोपातला एखादा सज्जन हळहळेल, चार गंभीर गोष्टी बोलेल आणि रात्री गाढ झोपेल. पण उद्या त्याची करंगळी कापायची असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा लागणार नाही. तरीही आपली करंगळी वाचवण्यासाठी त्या कोट्यवधी लोकांचा बळी द्यायला तो तयार होणार नाही. का? स्मिथच्या मते करुणा इतकी बळकट नसतेच. आपल्या आत बसलेला न्यायाधीश आपल्याला आवरतो. जर्मनीच्या कांटनं १७८५ साली आणखी कडक भूमिका घेतली: मन द्रवलं म्हणून केलेलं काम कौतुकाचं खरं, पण नैतिक मोल असतं ते कर्तव्य म्हणून केलेल्या कामाला.

मला स्मिथचं निदान अचूक वाटतं, पण औषध मेन्शियसचं हवं. आतला न्यायाधीश आपल्याला वाईटापासून थोपवतो. पण उपाशी शेजाऱ्याच्या दारात ताट घेऊन जायला त्याच्याबद्दल आधी काही वाटावं लागतं. आणि ते वाटणं मुद्दाम लांबवर न्यायची सवय लावून घेता येते.

स्वतःच्या सुखाचंही तसंच. शुआन राजाची तक्रार होती की, पूर्वीच्या वेन राजाचं शिकारीचं रान सत्तर ली (अंतराचं चिनी माप) लांब-रुंद होतं, तरी लोकांना ते लहान वाटायचं. माझं चाळीसच ली आहे, तरी लोक मोठं म्हणतात. मेन्शियसनं सांगितलं की वेनच्या रानात कुणीही गवत कापायचा, सरपण गोळा करायचा, ससे धरायचा. तुमच्या रानात हरीण मारलं तर माणूस मारल्याची शिक्षा आहे. राजधानीच्या वेशीजवळचा हा एक सापळाच झाला, लोकांना तो मोठा वाटणारच. चाळीस ली रान असून राजा सुखी नव्हता, कारण त्या सुखात त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

राजा हे सगळं ऐकून घ्यायचा. त्याला पटायचंही. पण इसवी सनापूर्वी ३१४ च्या सुमारास शेजारच्या येन राज्यात बंडाळी माजली आणि त्यानं तिथं सैन्य घुसवलं. गांजलेले लोक आधी अन्नपाणी घेऊन या सैन्याच्या स्वागताला आले. सैन्यानं त्यांचे बाप-भाऊ मारले, मुलं बांधून नेली, पूर्वजांची मंदिरं पाडली आणि पूजेची कांस्यपात्रं लुटली. 'येनच्या स्वारीत मिळालेलं' अशा अर्थाचा लेख कोरलेलं त्यातलं एक पात्र आज फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. मेन्शियसनं विनवलं होतं की म्हातारेकोतारे आणि पोरं परत पाठवा, भांडी नेऊ नका. राजानं ऐकलं नाही. येन उठून उभं राहिलं, तेव्हा मेन्शियसला तोंड दाखवायची आपल्याला लाज वाटते, अशी कबुली त्यानं दिली. मेन्शियस राज्य सोडून निघाला. राजाला उपरती होईल या आशेनं तो वाटेत तीन रात्री थांबला, पण बोलावणं आलं नाही.

शुआननंतर त्याचा मुलगा गादीवर आला. इसवी सनापूर्वी २८४ मध्ये येनच्या सेनापतीनं इतर राज्यांची कुमक घेऊन ची राज्यावर चाल केली आणि सत्तरहून जास्त शहरं घेतली. शुआनचा मुलगा पळाला आणि मारला गेला. लिन्झीतला खजिना आणि पूजेची भांडी येनचं सैन्य घेऊन गेलं.