ताडावरून उतरताना

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावात दोन भाऊ राहत. धान घरात आलं की तिकडची कितीतरी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, तसा धाकटाही दरवर्षी खम्मम भागात जाई. दिवसभर वाकून तोडणी आणि रात्री हातांची आग. सोबत्यांनी त्याला ताडीची वाट दाखवली. एक ग्लास पोटात गेला की गाढ झोप लागे. त्या ताडीत झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलमची, पूड मिसळलेली होती. ते त्याला ठाऊक नव्हतं.

हंगाम संपला, धाकटा गावी आला आणि ताडीसाठी तळमळू लागला. थोरला करारी, दारूबंदीच्या मोर्चात चाललेला. तो म्हणाला, "आठ दिवस कोंडून ठेवतो. जिद्द असली का सारं सुटते." धाकट्यालाही सोडायचीच होती. तो आपल्या पायांनी खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंग घामानं भिजलं, डोळ्याला डोळा लागेना. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर माणसं दिसू लागली. "माह्या पोराले कोणी करणी केली वो," म्हणत मायनं पुजाऱ्याला बोलावलं. अंगारा लावतानाच त्याला झटका आला. कुणी कांदा हुंगवायला धावलं, कुणी दातांत चमचा घालू लागलं. गावच्या आशाताईनं सगळ्यांना मागे सारलं, त्याला कुशीवर वळवलं आणि 108 ला फोन लावला.

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा काय घेत होता? आणि कधीपासून बंद आहे?" थोरला लाजेनं गप्प राहिला. मायनं सगळं सांगितलं. ताडीत झोपेच्या गोळ्यांची भेसळ असणार हे ओळखून बाईंनी लगेच डायझेपाम सुरू केलं. ते औषधही त्याच जातीचं आहे हे कळताच थोरला भडकला, "जे जहर सोडवाले आणलं, तेच कसं देता जी?"

"दादा, ताडावर चढलेल्या माणसाला खाली आणायचं, तर तुम्ही त्याला उडी मारायला सांगाल का?" बाई म्हणाल्या. "या जातीचं औषध मेंदूला शांत करतं. रोज मिळू लागलं की मेंदू स्वतःला शांत ठेवण्याची सवय सोडतो. एकाएकी बंद केलं की त्याला आवरणारं काही उरत नाही. मग भास होतात, झटके येतात, जीवही जातो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याचंही असंच होतं. 2015 च्या सप्टेंबरात तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगरकडची शेकडो माणसं अशीच दवाखान्यांत आली. डायझेपाम शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून त्याची मात्रा हळूहळू उतरवता येते."

काही दिवसांनी धाकटा घरी आला. दर तपासणीला बाई मात्रा थोडी कमी करत. गोळ्या थोरल्याकडे असत. ठरलेल्या वेळी तो मोजून देई. मध्येच बरं वाटलं तेव्हा धाकटा म्हणाला, "आता फेकून देऊ गोळ्या." थोरल्यानं त्याचा हात धरला, "बाईनं सांगतलं तशाच उतरवाच्या." काही आठवड्यांनी शेवटची गोळी संपली. धाकट्याला आपली स्वतःची झोप लागू लागली.

पुढच्या हंगामात दोघं सोबतच मिरचीला गेले. तिथे एका पोराचे हात थरथरताना दिसले. सोबती म्हणाले, "बांधून ठेवा त्याले." थोरला उठला, पोराला घेऊन दवाखान्यात गेला आणि तो काय पीत होता ते डॉक्टरांना न लाजता सांगितलं.

तात्पर्य : नशा सोडायला जिद्द हवीच. पण शरीराला जडलेली झोपेच्या औषधाची सवय एका दिवसात तोडायला गेलं, तर ती जिद्दच जिवावर उठते. तिचं खरं काम डॉक्टरांना सगळं खरं सांगणं, दर तपासणीला हजर राहणं आणि शेवटच्या गोळीपर्यंत धीर न सोडणं हे आहे.