निवड आणि निवाडा

परप्रांतात चार मराठी माणसे जमली, बदल्या-बढत्यांचे बोलणे संपले, की गाण्याचा विषय निघतो, आणि गाण्याचा विषय निघाला, की फार वेळ न जाता कुणीतरी विचारतोच, "पण तुमच्या मते सर्वांत श्रेष्ठ आवाज कोणाचा?" या प्रश्नासरशी बैठकीचे दोन तट पडतात. एक तट तत्काळ नाव उच्चारतो आणि ते नाव न घेणाऱ्याच्या रसिकतेविषयीच शंका घेतो. दुसरा तट सौम्यपणे हसून म्हणतो, "सगळेच थोर आहेत. तुलना हवी कशाला?" पहिल्या तटाला आपण हट्टी म्हणतो, दुसऱ्याला समंजस. मला मात्र या समंजसपणाचाच अधिक संशय येतो.

आपल्यापैकी पुष्कळांना हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहावे लागतात. ज्या अधिकाऱ्याच्या अहवालात प्रत्येक जण 'उत्कृष्ट' असतो, तो सर्वांना प्रिय होतो खरा. परंतु ज्याने खरोखरच जीव ओतून काम केले असेल, त्याच्यावर त्या भिडस्त औदार्याने अन्यायच होतो. "सगळेच थोर" असे म्हणणारा श्रोता पुष्कळदा हेच करीत असतो. दोन आवाज ऐकून ज्याला त्यांतला एकही अधिक जवळचा वाटत नाही, त्याने ते दोन्ही कान देऊन ऐकले आहेत काय? आवडीला क्रम असतो, आणि तो लपविणे ही काही नम्रता नव्हे.

परंतु येथेच खरी अडचण उभी राहते. कचेरीत ज्येष्ठतेची यादी करताना रुजू झाल्याची तारीख हाताशी असते. वाद झालाच तर दप्तर काढून दाखविता येते. आवाजाच्या बाबतीत दप्तर कोणते? कोणत्या मापाने एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवावयाचे?

सहज सुचणारे पहिले माप निसर्गदत्त देणगीचे. ज्याचा गळा जात्याच गोड, तो श्रेष्ठ. पण गोडी ठरवावयाची कोणी? १९४८ च्या सुमारास 'शहीद' या चित्रपटाच्या वेळी लता मंगेशकर यांचा आवाज फार पातळ म्हणून नाकारला गेला. संगीतकार गुलाम हैदर यांना तो निर्णय मान्य झाला नाही आणि त्यांनी त्याच वर्षी 'मजबूर'मध्ये त्या आवाजाला संधी दिली. १९४९ साली 'महल' आला. त्यातील गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचे नावच नव्हते. चित्रपटातील पात्राचे 'कामिनी' हे नाव छापले होते. ज्या पातळपणाला दोष म्हटले गेले, त्याच गुणावर पुढील कित्येक दशके देशातील पार्श्वगायन बेतले गेले. गळा तोच होता. बदलले ते कान. शिवाय देणगीच्या मापात एक नैतिक गोमही आहे. उंच जन्मलेल्या माणसाला आपण उंचीबद्दल पदक देत नाही. मग गोड गळा घेऊन जन्मलेल्याला त्या गोडव्याचे श्रेय कितपत द्यावे?

म्हणून काही विचारी लोक दुसरे माप पुढे करतात : तपश्चर्येचे. या मापाने पाहू गेल्यास आपल्या संगीताचा इतिहास मोठा हृदयस्पर्शी आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत बसला आणि उरलेल्या आवाजाच्या धर्माला अनुरूप अशी बिकट, वळणावळणाची गायकी त्यांनी घडविली. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले. काही वर्षे त्यांना गाण्याची सक्त मनाई होती. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेल्या त्या कलावंताने अंथरुणावर माळव्यातील लोकगीते ऐकली आणि उठल्यावर छोट्या, धारदार स्वरवाक्यांचे नवेच गाणे मांडले. गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या तबकड्यांतील आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो असा भरदार झाला, की न सांगता ऐकणाऱ्याला तो पुरुषाचा वाटावा. त्यांनी तो झाकण्याचा यत्न केला नाही. त्याच आवाजात त्या ताठ मानेने उभा जन्म गायिल्या.

हे सारे वंदनीय खरे. पण वंदनीय आणि श्रवणीय हे दोन शब्द एक नव्हेत. सोसल्याबद्दल गुण द्यावयाचे ठरले, तर संगीतसभेची धर्मादाय संस्था होईल, आणि त्यात त्या कलावंतांचाच अपमान आहे. कुमारांच्या फुप्फुसाची कथा ज्याला ठाऊक नाही, त्याच्याही अंगावर त्यांचे गाणे काटा आणते. ती कथा आपण मागाहून जोडतो. दुसरे असे, की बेगम अख्तर यांचा आवाज वरच्या स्वरावर जाता जाता मध्येच तडकतो. ही तडक देणगी म्हणावी, तर शास्त्राच्या दृष्टीने तो दोष. कष्टाचे फळ म्हणावे, तर रियाझ असल्या भेगा बुजविण्यासाठीच असतो. तरीही रसिक त्या भेगेचीच वाट पाहत बसत. हे माप येथे पार तोकडे पडते.

तिसरे माप परिणामाचे : ज्याने सभा जिंकली तो श्रेष्ठ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन नाटक मंडळ्यांचे दोन मानबिंदू एका रंगमंचावर. दोघांचेही भक्त आपापल्या दैवताच्या विजयाच्या ईर्षेने जमले होते. त्या रात्री सरस कोण ठरले, हा वाद मराठी घरांत पुढे पिढ्यानुपिढ्या चालला. पण जमलेला निधी एकाच कार्याला गेला, आणि तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबरला, केशवरावांचे निधन झाले. ज्या जुगलबंदीचा निकाल लावावयाचा, तिचा एक पक्षकारच उरला नाही.

याउलट जेथे निकाल स्पष्ट लागतो, तेथे तो कसा लागतो हेही पाहण्यासारखे आहे. १९५२ च्या 'बैजू बावरा'त तानसेन आणि बैजू यांचा सामना आहे. तानसेनासाठी इंदूरचे उस्ताद अमीर खाँ गायिले, बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुसकर. बैजूच्या सुरांनी पाषाण वितळतो आणि तानसेन हरतो. म्हणून अमीर खाँ हे पलुसकरांहून उणे ठरले, असे कोणी म्हणतो काय? तो निकाल कथालेखकाने अगोदरच लिहून ठेवला होता. आपल्या बैठकीतील बहुतेक निकालही असेच असतात. घराणे, प्रांत, वडीलधाऱ्यांची भक्ती यांनी ते पूर्वीच लिहिलेले असतात. आपण फक्त दगड वितळल्याचे जाहीर करतो.

तिन्ही मापे अशी अपुरी पडल्यावर "तुलना हवी कशाला" म्हणणारा सद्गृहस्थ विजयी मुद्रेने पाहू लागेल. त्याला माझे उत्तर असे, की आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजत आहोत. निवाडा वेगळा आणि निवड वेगळी. निवाडा हा इतरांवर बंधनकारक असतो; त्याला सर्वमान्य माप लागते. निवड ही निवडणाऱ्याला बांधते. गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून १९३३ साली घरातून पळाला, तेव्हा त्याने त्या काळच्या सर्व गवयांचा निवाडा केला नव्हता. त्याने निवड केली होती, आणि तिची किंमत त्याने ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत वणवण करून मोजली. अखेर ज्या गुरूपाशी तो पोचला, ते खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व घराजवळच, कुंदगोळला होते.

निवडीचे याहून विलक्षण उदाहरण १९७७ चे आहे. त्या वर्षी अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने अंतराळात धाडली आणि प्रत्येकावर पृथ्वीच्या ध्वनींची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. साऱ्या जगातील संगीतातून सत्तावीस रचना घेतल्या. त्यांत भारताची एकच, आणि ती केसरबाई केरकरांची भैरवी. दुसरे यान निघाले आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेने देह ठेवला. जागा एकच असल्यामुळे कोणीतरी एक निवडावे लागले. त्यामुळे उरलेले सारे भारतीय आवाज खालच्या दर्जाचे ठरले, असा त्याचा अर्थ नाही. निवडताना आपण काय सोडून देतो आहोत, याची जाणीव ठेवली म्हणजे निवड न्याय्य होते.

एवढे बोलून झाल्यावर स्वतःची यादी न देणे भ्याडपणाचे होईल. पहिली जागा मी गंगूबाईंना देतो. त्यांच्या शस्त्रक्रियेबद्दल नव्हे; त्यांच्या स्वरात आर्जव नाही म्हणून. श्रोत्याला खूश करण्याची धडपड नसलेला इतका सरळ षड्ज मी अन्यत्र ऐकलेला नाही, आणि दिवसभर वरिष्ठांची मर्जी सांभाळून घरी परतणाऱ्या माणसाला असा एखादा स्वर ऐकण्याची गरज असते. दुसरे अमीर खाँ : अतिविलंबित लयीत मंद्रातून वर येणारा त्यांचा मारवा मला घाई न करण्याचे शिक्षण देतो. तिसऱ्या लता मंगेशकर. कारण भाषा कळत नसलेल्या गावीही त्यांचा आवाज पानपट्टीच्या ठेल्यावरून ऐकू आला, की ते गाव परके राहत नाही. चौथ्या बेगम अख्तर, त्या भेगेसह. पाचवे अब्दुल करीम खाँ, ज्यांचे साडेतीन मिनिटांचे गाणे संपते तेव्हा ते थांबले असे वाटत नाही, दूर गेले असे वाटते.

"आणि बालगंधर्व?" हा प्रश्न मला ऐकू येतो आहे. बालगंधर्वांविषयी माझी भक्ती आहे. पण ती मला वारशाने मिळाली. वडील मंडळींचे डोळे ज्या आठवणींनी पाणावत, त्या आठवणी माझ्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या अश्रूंवर मी माझी यादी लिहू इच्छीत नाही. केसरबाईही यादीत नाहीत. सूर्यमालेच्या बाहेर पोचलेल्या आवाजाला माझ्या शिफारशीची आवश्यकता नाही, हे खरेच. पण त्यांच्या गाण्याच्या भव्यतेपुढे मी थक्क होतो आणि थक्क होऊन दूरच राहतो, हे अधिक खरे.

ही यादी पाहून कोणी म्हणेल, की तीत मराठीचा अभिमान दिसत नाही. कैरान्याचे खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले. त्यांच्या कन्नड शिष्याला मराठी रंगभूमीने सवाई गंधर्व म्हटले. त्या शिष्याची शिष्या हुबळीची. लताबाई जन्मल्या इंदूरला. या आवाजांनी आपल्या बदल्यांची तक्रार केली नाही आणि कोणत्या प्रांताच्या पटावर आपले नाव आहे याचीही चौकशी केली नाही. घरापासून दूर राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावयास हवी.

यादी करणाऱ्यावर दोन बंधने मात्र आहेत असे मी मानतो. तिच्यातील प्रत्येक नाव स्वतःच्या कानाने कमावलेले असावे. आणि जे ऐकावयास मिळालेच नाही, त्याचे भान तिच्यात असावे. कागदावर जे नाही ते विचारात घ्यावयाचे नाही, हा कचेरीचा नियम. संगीतात तो लावला तर केवळ तबकडीवर उरलेल्यांनाच न्याय मिळेल. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचे गाणे ज्यांनी ऐकले, त्यांची मने त्याने आयुष्यभर भारलेली राहिली. पण त्यांच्या गाण्याची एकही तबकडी मागे राहिलेली नाही. माझ्या यादीतील सहावी ओळ मी कोरी ठेवली आहे, ती त्यांच्यासाठी.