हलाल उपजीविका आणि डिजिटल नाण्यांचे मृगजळ



प्रेषित मुहम्मद (स.) एकदा धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे होते आणि आतले भिजलेले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले, की मग ओले धान्य लोकांच्या नजरेस पडेल असे वर का ठेवले नाही? जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असेही त्यांनी बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आली आहे.

आजचा बाजार मोबाईलच्या पडद्यावर भरतो. तेथे राशीत हात घालता येत नाही, केवळ वरचा थर दिसतो. अनोळखी माणूस एखाद्या ग्रुपमध्ये सामील करून घेतो. ग्रुपमधील इतर सदस्य रोज आपल्या नफ्याची छायाचित्रे टाकतात. आपण दोन हजार रुपये गुंतवतो, काही दिवसांत तीन हजार हाती येतात आणि मनातील शंका विरते. मग दागिने मोडून दोन लाख भरले जातात. पडद्यावर त्यांचे दहा लाख झालेले दिसतात. परंतु ते काढू गेल्यास आधी ‘कर’ भरा, मग ‘शुल्क’ भरा, असे सांगितले जाते. पडद्यावरील तो आकडा कधी पैसा नव्हताच. तो कोरड्या धान्याचा वरचा थर होता.

अशा उदाहरणांसाठी दूर जाण्याची गरज नाही. २०१५ च्या सुमारास आपल्या देशात ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना सुरू झाली. बिटकॉइन द्या आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असे तिचे आश्वासन होते. पुढे बिटकॉइनऐवजी प्रवर्तकांनी स्वतःच काढलेले ‘एमकॅप’ नावाचे नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले. २०१८ साली पुणे पोलिसांनी मुख्य प्रवर्तक अमित भारद्वाज याला अटक केली. ‘वनकॉइन’ची कथाही अशीच. त्याचा प्रचार करणाऱ्यांना एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत अटक झाली. त्याची संस्थापक रुजा इग्नातोव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे. बेंगळुरूच्या ‘आयएमए’मध्ये डिजिटल नाणे नव्हते, पण गळाला ‘हलाल नफा’ या शब्दाचे आमिष होते. २०१९ साली तिचा मालक परदेशी पळाला, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली.

डिजिटल नाण्यांच्या मूळ प्रश्नावर उलमांमध्ये मतभेद आहेत. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार हराम ठरविला, तर काही विद्वान अटींसह त्यास परवानगी देतात. मात्र वर सांगितलेल्या योजनांबाबत मतभेदाला जागाच नाही. सूरह अन्-निसामध्ये अल्लाहने एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई केली असून, परस्परांच्या संमतीने होणारा व्यापार तेवढा वैध ठेवला आहे. प्रेषितांनी (स.) ‘गरर’ म्हणजे ज्याचे स्वरूपच अनिश्चित आहे असा सौदा निषिद्ध ठरविला. नफ्याचा हक्क जबाबदारीशी जोडलेला आहे, हा शरीअतचा नियम आहे. तोट्याची जोखीम न घेता दरमहा ठरावीक नफा देण्याची हमी जो देतो, तो व्यापार करीत नाही. तो पुढच्याचे पैसे मागच्याला वाटत असतो आणि पुढचे लोक संपताच दुकान गुंडाळतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. या जाळ्यात आपल्याला ओढणारा बहुधा परका नसतो. आखातातून पैसे पाठविणारा भाऊ, खालाचा मुलगा, जुम्याला शेजारच्या सफेत उभा राहणारा मित्र, यांच्याच शब्दावर आपण विश्वास ठेवतो. त्याला प्रत्येक नव्या माणसामागे कमिशन मिळते. तो स्वतःही फसलेला असतो, परंतु आपले पैसे निघावेत म्हणून दुसऱ्याला आत ओढतो. येथे फसलेला माणूस फसविणारा बनतो. बातमी आणणारा कोण आहे हे पाहून तिची शहानिशा करा, अशी शिकवण सूरह अल्-हुजुरातमध्ये आहे. मग नातेवाइकाने आणलेली ‘संधी’ तपासणे हा अविश्वास कसा ठरेल?

खऱ्या दिवाळखोराविषयीची हदीस येथे आठवावी. तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन न्यायदिनी येईल, पण त्याने कुणाची संपत्ती गिळलेली असेल, कुणावर जुलूम केलेला असेल. त्याची पुण्ये त्या पीडितांना वाटून दिली जातील आणि ती अपुरी पडल्यास त्यांचे गुन्हे त्याच्या माथी येतील. बंदांचे हक्क केवळ इस्तिगफारने फिटत नाहीत. ज्याने अशा योजनेत कमिशन घेतले असेल, त्याने ते ज्याचे त्याला परत करावे आणि त्याची क्षमा मागावी. तौबेची ही अट जड आहे, पण आजच फेडणे उद्यापेक्षा सोपे आहे.

जो फसला आहे त्याने लाजेने गप्प बसू नये. फसल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितकी तत्परता, तितकी बँकेत रक्कम थोपविली जाण्याची शक्यता अधिक. संदेश, क्रमांक व पावत्या पुसून टाकू नयेत. घरातील वडीलधाऱ्यांनीही टोमणे मारू नयेत. टोमण्यांच्या भीतीने तरुण गप्प राहतो आणि बुडालेले काढण्यासाठी आणखी कर्ज काढतो. शिवाय आपल्या मौनामुळे उद्या शेजारचे घर बुडते. इमाम साहेबांनी मिंबरवरून या विषयावर बोलावे आणि मशिदीत कुणालाही गुंतवणुकीचा प्रचार करू देऊ नये.

कुठेही पैसा देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: हा नफा नेमक्या कोणत्या व्यवसायातून येतो? उत्तर समजण्याजोगे नसेल, किंवा विचारताच समोरचा घाई करू लागला, तर हात मागे घ्या. संपत्ती कोठून मिळविली आणि कशावर खर्च केली, हे दोन्ही प्रश्न न्यायदिनी आपल्यालाही विचारले जाणार आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका, त्यात बरकत आणि समाधान देवो. ज्यांची पुंजी बुडाली त्यांना धीर व उत्तम मोबदला देवो. आमीन.