रस्ता मोकळा झाला, हे कोणी सांगायचे?



आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले मुलगे जहाजांवर नोकरीला आहेत. त्यामुळे पाणसुरुंग हा विषय वाटतो तितका परका नाही. सुरुंग मित्र-शत्रू ओळखत नाही. युद्धनौका असो, तेलवाहू जहाज असो की मासेमारीची होडी, तो फुटतो. तह झाल्याची खबरही त्याला पोहोचत नाही. दोन्ही महायुद्धांतले सुरुंग उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये अजून सापडतात.

आजवर ते शोधायला जहाज सुरुंगांच्याच पट्ट्यात न्यावे लागे आणि पुष्कळदा एखादा पाणबुड्या खाली उतरे. आता यंत्रे उतरू लागली आहेत. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेने २०२५ मध्ये, माणसांना उचलून नेता येतील अशी छोटी स्वयंचलित पाण्याखालची वाहने तयार केली. ती ध्वनिलहरींनी तळाचे चित्र घेतात, कॅमेऱ्याने पाहतात आणि सुरुंगासारखी वस्तू कोणती हे स्वतःच ठरवतात. गरजही आहेच. 'कोझिकोड' हे आपल्या नौदलाचे शेवटचे सुरुंगविरोधी जहाज २०१९ मध्ये निवृत्त झाले. गोवा शिपयार्डमध्ये बांधायच्या १२ जहाजांची योजना त्याआधीच, २०१८ मध्ये, बारगळली होती.

मग यात नैतिक प्रश्न कोठे आला? माणसाचा जीव घ्यायचा की नाही, हे कोणत्याही यंत्राने ठरवू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी १४ जून २०२४ रोजी इटलीत जी-७ राष्ट्रांच्या प्रमुखांना सांगितले होते. ते येथे लागू होत नाही, असे मला वाटते. हे यंत्र माणसावर नव्हे, लोखंडाच्या गोळ्यावर चालून जाते. जे काम यंत्राने होते तेथे एखाद्याच्या तरुण मुलाला उतरवणे, हेच उलट चूक.

अडचण पुढे आहे. ध्वनीच्या चित्रात दगड, पिंप, जुना नांगर सुरुंगासारखे दिसू शकतात. त्यात फार तर वेळ जातो. पण चिखलात अर्धा रुतलेला सुरुंग दगड म्हणून सुटला, तर एखाद्या जहाजावरचे खलाशी जातात. किती धोका उरला तरी चालेल, हे यंत्र ठरवत नाही. कोणीतरी माणूस तो आकडा आधीच ठरवतो. आणि त्या मार्गाने जाणाऱ्या खलाशांना तो आकडा ठाऊकही नसतो. म्हणून 'रस्ता मोकळा' या शब्दांखाली जाब विचारता येईल अशा माणसाची सही हवी. 'यंत्राने सांगितले' हे उत्तर कोणत्या आईला द्यायचे?

आणखी एक भीती वाटते. दावे तुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे आणि युद्ध संपल्यावर ज्याने त्याने आपले सुरुंग काढावेत, असे १९०७ च्या हेग करारात ठरले होते. सफाई स्वस्त आणि बिनधोक झाली, की पेरणाऱ्याला ही जबाबदारी हलकी वाटू लागेल. मार्च २०२२ मध्ये काळ्या समुद्रातून वाहत आलेला सुरुंग इस्तंबूलजवळ तुर्कस्तानच्या नौदलाने निकामी केला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी एकत्र सफाईचा करार केला. युद्ध त्यांचे नव्हते. सुरुंग कोणाचे, यावर रशिया आणि युक्रेन मात्र एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.