अध्यक्षांच्या परवानगीने

नाटकाचा सिनेमा करायचा म्हटलं की दिग्दर्शकाचा पहिला घाव भिंतींवर पडतो. रंगमंचावर एका खोलीत कोंडलेली पात्रं तो रस्त्यावर, बागेत, स्टेशनवर नेतो. त्या कोंडण्यातच नाटक असतं, हे त्याच्या गावीही नसतं. टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'वर १९५१ साली चित्रपट करताना इलिया कझान यांनी उलट केलं. कथा पुढे जाईल तशा सेटच्या भिंती आत घेतल्या. नायिका ब्लान्शची घुसमट तिच्याआधी प्रेक्षकाला होऊ लागते. १९४७ चं मूळ नाटक त्यांनीच ब्रॉडवेवर बसवलेलं, त्यामुळे खोलीचं मोल ते जाणून होते. घोळ झाला तो शेवटाचा. नाटकातली स्टेला बहिणीची, ब्लान्शची, रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होऊ देते आणि नवऱ्यापाशीच राहते. सेन्सॉरच्या धाकानं पडद्यावरची स्टेला बाळाला घेऊन घर सोडते. प्रेक्षक निर्धास्त झाले.

विजय तेंडुलकरांनी हे नाटक 'वासनाचक्र' म्हणून मराठीत आणलं. त्यांचं स्वतःचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' अशी सुटका कुणालाच देत नाही. 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं. मुंबईची हौशी मंडळी खेड्यातल्या एका सभागृहात जमतात. रात्री प्रेसिडेंट जॉन्सनवर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालवायचा असतो. त्याआधी गंमत म्हणून आपल्यातल्याच लीला बेणारेला आरोपी करतात. सुरुवातीलाच दाराची कडी तिच्या बोटाला लागते. पुढे गंमत तिच्या खासगी आयुष्यावर घसरते; ती उठून निघते, तर दार बाहेरून बंद. अशिलं नसलेला सुखात्मे आणि इंटर नापास पोंक्षे तोवर न्यायाचे रखवालदार झालेले असतात.

नवी मुंबईच्या सानपाड्यात राहणाऱ्याला हे कोर्ट अनोळखी वाटू नये. इमारतीच्या स्टिल्टमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सोसायटीची सभा भरते. गळती, पार्किंग, सिंकिंग फंड उरकतो. मग 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' सुरू होतात आणि चौथ्या मजल्यावरच्या एकट्या भाडेकरूचं नाव निघतं. रात्री किती वाजता येते? सोडायला कोण येतं? विचारणारे खलनायक नसतात. मेंटेनन्स वेळेवर भरणारी, गणपतीत राबणारी माणसं ती. आरोपी सहसा हजरही नसते, आणि ठराव मात्र एकमतानं होतो.

सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये 'शांतता'चा चित्रपट केला. बेणारे रंगमंचावरच्याच सुलभा देशपांडे, कॅमेरा गोविंद निहलानींचा. बाईंचा चेहरा इतक्या जवळून पाहायला मिळतो, हे त्याचं मोठं देणं. पण कोणाकडे पाहायचं हे तिथे कॅमेरा ठरवतो. नाट्यगृहात ते आपल्यावर असतं. साक्षीदार रंगात आले की आपण हसतो, आणि बाजूला गप्प बसलेल्या बेणारेकडे नजर वळली की आपण कशाला हसलो ते कळतं. हसणाऱ्यांत शेजारच्या खुर्चीवरचेही असतात. मोबाइलवर एकट्यानं सिनेमा पाहताना आपल्या हसण्याला हे शेजारी साक्षीदार नसतात, म्हणून तो सोपा जातो.

तेव्हा सिनेमा जरूर पाहावा, पण नंतर. वाशीच्या भावे नाट्यगृहात 'शांतता'चा प्रयोग लागला, तर सोसायटीच्या अख्ख्या कमिटीनं एका रांगेत तिकिटं काढावीत.