रात्री कोण उठणार?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी एक निवृत्त शिक्षिका बसत. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. आसपासच्या बिल्डिंगांमधली निम्मी कर्ती माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली, आणि पार्कातली भटकी कुत्री तर त्यांच्या चपलांचा आवाजही ओळखायची.

अनंत चतुर्दशी झाली आणि बाईंच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. चार पिल्लं. त्यातलं तांबूस, एका कानावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू सहावीतल्या एका मुलीनं हेरलं. मुलीचे बाबा बाईंचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, आमचं घर अगदी तयार आहे. येऊन बघा."

खरेदी झालीच होती. मऊ गादी, पट्टा, स्टीलची दोन भांडी, रबरी हाड, गळ्यात बांधायला घुंगरू. बाईंनी सगळं कौतुकानं पाहिलं. मग पदर खोचला आणि साठी उलटलेल्या बाई चक्क हॉलभर रांगायला लागल्या.

टीव्हीमागची लोंबती वायर त्यांनी उचलून दाखवली. दिवाणाखालून उंदराचं औषध काढलं, कपाटाच्या तळाशी डांबराच्या गोळ्या सापडल्या. तिपाईवर मनुकांची वाटी होती. "द्राक्षं नि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर उठतात. चॉकलेट, कांदा, लसूणही नको." गॅलरीच्या जुन्या ग्रिलमधून त्यांनी मूठ आरपार घातली. "डोकं गेलं की मागून अंग जातं. इथे जाळी मारून घे."

आजी म्हणाल्या, "मी दूध-पोळी कुस्करून घालीन हो."

"पोळी ठीक आहे, आजी. पण गाई-म्हशीच्या दुधानं पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात." मग बाई भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "रात्री कोण उठणार?"

कुणीच बोललं नाही. बाबांनी आईकडे पाहिलं, आईनं मुलीकडे.

"दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर कळ आवरत नाही. दुपारी घरात कोण असतं? आई-बाबा ऑफिसात, ही शाळेत आणि आजींचा डोळा लागलेला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक पिल्लू अशाच हौशी घरात दिलं होतं. महिन्याभरात ते पट्ट्यासकट कट्ट्याला बांधलेलं सापडलं. "आठ आठवडे व्हायच्या आत मी त्याला आईपासून तोडणार नाही. दिवाळीत तर नाहीच. पार्कात फटाके सुरू झाले की मोठी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरतात. तोवर पिल्लू घरात आलंय असं समजून राहा. रात्री दोनला आणि पहाटे पाचला उठायचं, बाथरूममधला पेपर बदलायचा आणि कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करायची."

नसलेल्या पिल्लासाठी कोरडा पेपर बदलायचा! शेजाऱ्यांना मोठी गंमत वाटली. मला मात्र बाईंची ही अट फार शहाणपणाची वाटते. दुकानातून आणलेलं सामान एका संध्याकाळी मांडून होतं. झोपमोड अंगवळणी पडायला दिवस लागतात, आणि ते दिवस पिल्लाच्या जिवावर काढायचे नसतात.

पहिल्या तीन रात्री उत्साहात गेल्या. चौथ्या रात्री बाबांनी गजर बंद केला आणि कूस बदलली. पाचव्या रात्री आई म्हणाली, "मला उद्या मीटिंग आहे." सहाव्या रात्री कुणीच हललं नाही. मुलीच्या मनात आलं, तीन खुणा करून टाकाव्यात, कोणाला कळणार? पेन्सिल हातात घेतलीही. पण आजी समोर बसल्या होत्या. तिनं ती खाली ठेवली.

त्या रविवारी घरात जोरदार भांडण झालं. जेवण झाल्यावर सगळे कालनिर्णयसमोर उभे राहिले आणि वाटण्या झाल्या. दोनचा गजर आईबाबांकडे आलटून पालटून. पाचचा मुलीचा. दुपार आजींची. त्यांनी झोप सकाळच्या पूजेनंतर घ्यायची ठरवली. गुरुवारी त्यांचं भजनी मंडळ असे, म्हणून बाबांनी ऑफिसात बोलून गुरुवारी घरून काम मागून घेतलं.

दिवाळीनंतर बाई आल्या त्या थेट भिंतीपाशी गेल्या. कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून म्हणाल्या, "या तीन रात्री पिल्लू ओल्यात झोपलं असतं."

"हो बाई," बाबा म्हणाले.

बोट पुढे सरकलं. वेगवेगळ्या हातांच्या खुणा, रोजच्या, एकही तारीख न सुटलेल्या. आजींची खूण तेवढी थरथरती. बाईंनी चष्मा पुसला. "उद्या परळला चला."

परळचं बैल-घोडा हॉस्पिटल म्हणजे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय, 1880 च्या दशकातलं. एके काळी गाड्यांना जुंपलेली जनावरं तिथे येत, आता कुत्र्या-मांजरांची गर्दी असते. पिल्लाला तिथे पहिली लस टोचली. पुढच्या लसी तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर. "लसी पुऱ्या होईपर्यंत पार्कात खाली सोडायचं नाही," बाईंनी बजावलं. "कडेवर घेऊन खुशाल फिरव. बँडचा आवाज, माणसं, बस, सगळं त्याला दाखव. आणि महापालिकेचा परवाना काढायला विसरू नका." पिल्लाच्या आईची नसबंदी करून तिला पुन्हा त्याच जिन्याखाली आणायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर बाईंनी पिल्लू मांडीवर घेतलं. ज्या फाटक्या साडीवर ते आईजवळ झोपायचं, तिचा एक तुकडा त्यांनी मुलीला दिला. "आईचा वास आहे याला. हे त्याच्या अंथरुणात ठेव, धुऊ नकोस."

मग विचारलं, "आज रात्री कोण?"

"दोनला बाबा, पाचला मी."

"आणि उद्या दुपारी?"

"उद्या गुरुवार. बाबा घरी आहेत."

बाईंनी पिल्लू तिच्या हातात दिलं.